सोडियमचं माहेर

१६ जानेवारी १९४९

थकलो. सकाळपासून सुनेबरोबर मूलद्रव्यं घोकतोय. H म्हणजे हायड्रोजन, O म्हणजे ऑक्सिजन – इथवर गाडी बरी चालते. पुढे सोडियम आलं की रुतते. त्याची खूण म्हणे Na! का? पुस्तक सांगत नाही. कारण कळेना, तर घोकलेलं टिकेना – पालथ्या घड्यावर पाणी.

मॅट्रिकला बसायचंय पद्मावतीला, आणि डोकं पिकतंय माझं! मी चौथी पास. कोठीच्या बाजारातून जुनं उर्दू पुस्तक आणलं. आधी मी शिकतो, मग तिला सांगतो. मुकुंद असता तर बायकोला त्यानंच शिकवलं असतं.

१९ जानेवारी

मुकुंदची खबर नाही. सत्तेचाळीसच्या श्रावणात निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला, तो गेला. गेल्या सप्टेंबरात हिंदची फौज आली, निजाम शरण गेला, त्याच्याबरोबरची पोरं गुलाल लावून घरी आली. आमचा नाही.

२ फेब्रुवारी

नांदेडहून व्याही आले – हणमंतराव. टेकायच्या आधीच म्हणाले, "जयाला न्यायला आलोय."

कोण जया, क्षणभर उमगेचना! लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं आम्हीच. माहेरच्या जयाची पद्मावती केली, आणि पाच वर्षांत पार विसरलो.

"अहो, आशेवर किती दिवस पोर झिजवायची?"

ही आतून कडाडली, "तिच्या कपाळाला कुंकू आहे अजून! ते पुसायला आलात?"

मी मध्ये पडलो. म्हटलं, मार्चातला इम्तिहान होऊ द्या. पास झाली तर शाळेत मास्तरीण होईल. कुणाच्या ताटाखालचं मांजर व्हायला नको – ना तुमच्या, ना आमच्या.

"अन् नापास झाली तर?"

"तर मी स्वतः तुमच्या दारी आणून सोडतो."

चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. बाप आहे. त्याचंही पोळतंच की.

५ फेब्रुवारी

अफझलगंजच्या कुतुबखान्यात जाऊन, तिथली जाडी पुस्तकं चाळून सोडियमचा छडा लावला! घरी येऊन म्हटलं – अगं, हे सोडियम म्हणजे सून आहे. लॅटिनातलं नाव नॅट्रियम. जगात सोडियम म्हणून मिरवते, पण खूण नॅट्रियमची – माहेरची. पोटॅशियमचं माहेरचं नाव कॅलियम, म्हणून K. शिसं, लोखंड, पारा – सगळ्यांची हीच तऱ्हा.

हसली! किती महिन्यांनी!

"मामंजी, मग माझी खूण J."

चुलीकडून हिचा आवाज – "शिकवताय की बिघडवताय हो तिला?"

६ फेब्रुवारी

एकही खूण चुकली नाही.

२७ फेब्रुवारी

आज शिसंच आठवेना तिला. रडली. शिशासाठी नव्हे. नळावर बायकांनी विचारलं, "मुकुंदचं काय कळलं का गं?" दुष्काळात तेरावा महिना. पुस्तक मिटलं. म्हटलं, आज राहू दे. माझ्याही अंगात त्राण नाही. नाही म्हणाली. डोळे पुसून पहिल्यापासून सुरू केलं.

२२ मार्च

उद्या शास्त्राचा पेपर. हिनं गुपचूप दही विरजलंय. तोंडानं कुरकुर चालूच.

२३ मार्च

दही-साखर खाऊन सून जामबागेतल्या शाळेत पेपरला गेली. तासाभरानं दारात टांगा. आधी कुबडी उतरली, मग मुकुंद!

मुकुंद! डावा पाय गुडघ्याखाली नाही. "असा कसा येऊ, म्हणून कळवलं नाही, अण्णा." ही त्याला धरून बसलीय, सोडत नाही.

जामबागेत धावत जाऊन सांगावं म्हणून चप्पल घातली. उंबऱ्यात थबकलो. काढून ठेवली.

"पद्मा कुठंय?" त्यानं विचारलं.

म्हटलं – जया पेपर लिहितेय. एक वाजेपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही.