आता गुडघे कोणी उचलत नाही
बाबा,

इंडियानाहून वेंडलचा कडक सलाम. मी ठणठणीत आहे. एका ड्रम पथकाचं सामान ट्रकमध्ये चढवतो आणि दोन्ही वेळा पॅनकेक खातो. आईचा खोकला थांबला का?

काल यांचा कार्यक्रम पाहिला. तुम्ही पथकात वाजवायचात तेव्हा चूक दिसली की परीक्षक लगेच दशांश गुण कापायचे. आता एकेक चूक मोजत नाहीत, एकूण वादन बघतात. म्हणजे अंतिम फेरीत तुमच्या हातातून ड्रमची काठी निसटली, त्यावरून आज पथक हरलं नसतं. आता तरी ते मनातून काढा.

बाकी वाद्यांना माइक आलेत, मैदानात घसरगुंड्यासुद्धा! एक पोरगी वाजवत वाजवत घसरली, सनईसारखी किंचाळली. असो.

एका ड्रमवाल्याचा पाय मुरगळला, म्हणून मला वाजवायला लावलं. शिकवणाऱ्या मारिसोलबाई म्हणाल्या, हात चांगले आहेत. मग वाजवत कवायतीसारखं चालायला सांगितलं.

"गुडघे कशाला उचलतोस रे? चिखलातून चाललायस का?"

"बाबांनी शिकवलंय."

"कुठल्या साली?"

सगळे हसले. मीही हसलो.

जागा दुसऱ्याला दिली. पथकात बावीसच्या आतलेच घेतात. हिवाळ्यात मला बावीस पूर्ण होतील, मग वयात बसणार नाही.

बाबा, आज तुमची चूक कोणी धरली नसती, पण तुम्हाला पथकात घेतलंही नसतं. हे लिहायचं नव्हतं. शाईनं लिहिलंय, पुसता येत नाही.

माळ्यावरचा तुमचा ड्रम माझ्यासाठी राखू नका.

तुमचाच,
वेंडल