वाटेवरचं भाडं

रहाटणी, बुधवार

तीर्थस्वरूप दाजींना नवनाथचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? लग्नाच्या धावपळीनं सुजला असेल तर शेकू नका, नुसतं तेल चोळा (शेकून माझा वाढला होता). ताईची तब्येत विचारायची सोय राहिलेली नाही, कारण तिनं माझा नंबर ब्लॉक केलाय आणि तुमचा फोनही तीच उचलते. म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. करिष्मा लग्नाहून आल्यापासून माझ्याशी फक्त भाजीत मीठ बरोबर आहे का एवढंच बोलते, तेही भिंतीकडे बघून.

दाजी, दिव्याच्या लग्नाला तिचा एकुलता एक सख्खा मामा आला नाही, याला माफी नाही हे मला कळतं. दोन वर्षं ती आमच्याकडे राहून डिप्लोमा शिकली. रोज सकाळी माझ्या पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून कॉलेजला जायची. तेव्हाच तिनं बजावलं होतं की मामा, बोहल्यावर मला तूच न्यायचंस, आणि जरा हळू, गाडी चालवतोस तसं नाही. आणि त्या दिवशी हा मामा रांजणगावला एका कंपनीच्या आवारात अडकून पडला होता. कसा, ते सांगतो. सांगितल्यानं गुन्हा कमी होत नाही, पण निदान काय गुन्हा केला ते तरी नीट कळेल.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. रिकामी गाडी पळवायची म्हटलं की पोटात दुखतं. बायकोला दवाखान्यात नेताना सुद्धा, त्या बाजूला जाणारं एखादं खोकं आहे का, असं आधी विचारून घेणारे ड्रायव्हर आहेत (मी विचारलेलं आहे, करिष्माला माहीत नाही). करिष्मा आदल्या दिवशीच तुमच्याकडे पुढं आलेली, आणि लग्नाच्या सकाळी साडेसहालाच मी गाडी पुसून तयार होतो. मुहूर्त बारा सदतीसचा, शिरूरला पोचायला फार तर अडीच तास. तरी मीच, कुणी सांगितलं नसताना, नानासाहेबांना फोन लावला. नानासाहेब म्हणजे आमचे ट्रान्सपोर्टवाले. गाडी माझी, टायर माझे, पाठदुखी माझी, पण गाडीनं कुठं जायचं ते त्यांनी ठरवायचं. म्हटलं, शिरूरच्या वाटेवरचं काही आहे का? ते म्हणाले, बरा फोन केलास, चाकणहून रांजणगावला एक अर्जंट आहे, नऊला माल पोचला नाही तर लाइन थांबेल. कंपनीची लाइन थांबेल म्हटलं की आम्ही भरल्या ताटावरून उठतो, अशी सवय लावून ठेवलीय आम्हाला.

अर्जंट माल काय होता, तर जेवणाच्या डब्याएवढं एक खोकं, आत रबराच्या चकत्या. तेवढ्यासाठी अख्खी पिकअप. माझा लग्नाचा मोतिया सदरा आणि फेटा केबिनमध्ये चुरगळेल म्हणून मी पिशवीत घालून मागे बंद बॉडीत ठेवला होता. चाकणच्या माणसानं खोकं आत सरकवलं, दार लावलं आणि सील ठोकलं. हे सील वाटेत तुटलं तर पुढची कंपनी माल घेत नाही. मी म्हटलं, भाऊ, माझा फेटा आत राहिला. तो म्हणाला, आता पोचल्यावरच काढा. मी मनात म्हटलं, जाऊ दे, सुरक्षित तरी राहील.

शिक्रापूरपर्यंत नानासाहेबांचे चौदा फोन आले. कुठवर आलास, लोकेशन पाठव. लोकेशन पाठवायला थांबलो की, थांबलास का म्हणून पुन्हा फोन. नऊला दहा कमी असताना गेटवर पोचलो, आणि तिथून पुढं कुणालाच काही अर्जंट उरलं नाही. मालाच्या चलनाच्या तीन प्रती हव्या होत्या, माझ्याकडे दोन. ती तिसरी मिळवेपर्यंत दहा वाजले. मग हेल्मेट, नारिंगी जाकीट आणि सेफ्टी बूट चढवल्यावर आत घेतलं, तर स्टोअरचे साहेब नाष्ट्याला, तिथून मीटिंगला. गाडी सोडून एसटीनं निघावं, तर चावी आणि लायसन गेटवर जमा. ज्या मालावाचून लाइन थांबणार होती तो माल उतरवून घ्यायला कुणी मोकळं नव्हतं, आणि आतून लाइन मजेत चालल्याचा आवाज येत होता.

अखेर सील तोडलं, तर उतरवणाऱ्यानं खोकं आणि माझी पिशवी दोन्ही उतरवून घेतली. कागदावर नग एक, हातात नग दोन. दुसरा नग जादा माल म्हणून स्टोअरला जमा झाला, आणि तो बाहेर काढायला वेगळा गेटपास लागेल, त्यावर सही करणारे साहेब रजेवर आहेत, असं समजलं. मी फेटा उलगडून दाखवला. स्टोअरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, मटेरियल काय लिहू, कापड? (फेटा अजून तिथंच आहे, रॅक नंबर सात.) या सगळ्यात दुपारचे तीन वाजले. तोवर तुमच्याकडे पंगती उठल्या असतील, म्हणून मी तिथूनच माघारी फिरलो.

चूक नानासाहेबांची नाही आणि गेटवाल्याचीही नाही. त्यांनी मला बोलावलं नव्हतं, फोन मी केला होता. एक दिवस गाडी रिकामी गेली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? फार वाईट वाटतं दाजी. जेवताना वाटतं, आणि चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो की जास्तच वाटतं, आणि तिथं तर रोज दीड तास अडकतो.

घरातल्या सगळ्या मोठ्यांच्या पाया पडतो. ताईच्या दोनदा पडतो, एखादा नमस्कार तरी तिच्यापर्यंत पोचेल.

तुमचा,
नवनाथ

ता. क. आखाडात दिव्याला सासरहून माहेरी आणायला मुराळी कोण जाणार ते ठरलं नसेल, तर मला पाठवा. खरं तर एवढं लांबण त्यासाठीच लावलं. ताई नको म्हणेल, पण तुम्ही शब्द टाकलात तर ऐकेल. नानासाहेबांना मी सांगून ठेवलंय की ते दोन दिवस मला मेलेला समजा.

आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. तीन वाजता सुटलो हे वर लिहिलंय ते खोटं आहे. मी बाराला सुटलो आणि साडेबाराला मंगल कार्यालयाच्या दारात होतो. अंगात तेच नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, पायात ग्रीस लागलेले बूट, घाईत काढायचंही सुचलं नव्हतं. दारातल्या मॅनेजरनं बघितलं आणि म्हणाला, पाण्याचे जार मागच्या दारानं घे, किती उशीर. मुलीचा मामा आहे म्हणायला तोंड उघडलं, पण समोर दिव्याच्या सासरची माणसं कडक इस्त्रीत उभी होती. मला लाज वाटली. तिच्या सासरी पहिल्या दिवशी मामा असा दिसू नये असं वाटलं. मागं जारचा टेम्पो खरोखरच उभा होता, मी जार उचलायला लागलो. तेवढ्यात माइकवरून मामांना बोलावलं, आणि आमचे मावसभाऊ सोपानराव तिचा हात धरून निघाले. चांगले हळू चालत होते. तिनं दोनदा मोठ्या दाराकडे वळून बघितलं. मी मागच्या दारात होतो. माझ्या हातात अक्षता नव्हत्या, खाली सांडलेल्या वेचून टाकल्या. नंतर पंगतीत तुम्ही पाणी गार आहे का म्हणून विचारलंत, वर न बघता. हो म्हणालो तो मीच. त्याचा राग नाही, तुमच्या मागं तेव्हा शंभर कामं होती.

ताईला यातलं काही कळू देऊ नका, ती रडेल. दिव्याला मात्र सांगा, मामा आला होता.