दीड मिलीमीटर

१० जानेवारी, शुक्रवार

नणंदेच्या लग्नाआधी माझा गाल नीट झाला पाहिजे, असं घरात ठरलं. गाल माझा, ठरवलं सगळ्यांनी! लग्न एप्रिलअखेर. सासूबाई म्हणाल्या, "फोटो निघतेत, पाव्हणे इचारतेत."

पाहुण्यांना सांगायचं उत्तर तयारच आहे – बाल्कनीच्या ग्रिलवर पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरला तेच सांगितलं, आईलाही, कंपनीतही. पण ही वही घरी जात नाही, कंपनीच्या लॉकरमध्येच असते. हिच्याशी तरी खोटं कशाला? ग्रिल नव्हतं. कुकरचं झाकण होतं, निरंजनने फेकलेलं. दिवाळीच्या आधी, मी न विचारता ओव्हरटाइमला थांबले म्हणून. सहा टाके. (घरी 'अहो' म्हणते. इथे नाव लिहिते. तेवढीच चैन.)

आणि मलाही हा डाग नकोच आहे, हेही खरं. दिवसभर रंगवून आलेले बंपर तपासायचे, ओरखडा दिसला की लाल बाण चिकटवायचा – हे माझं काम. सकाळी आरशात बघते तर तिथेही बाण लावावासा वाटतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल गुरुवारची सुट्टी. चिंचवडला कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. निघताना निरंजन किती गोड! हेल्मेटचा पट्टा डागाला लागू नये म्हणून स्वतः बांधून दिला. जिन्यात शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, "नशीब काढलंस हो!" मी हसले.

बाईंनी सगळं नीट समजावलं. पेनसारखं यंत्र, टोकाला बारीक सुयांची टोपी. टोपी दर वेळी नवी, पाकीट आपल्यासमोर फोडणार. आधी बधिर करणारं मलम. महिन्याच्या अंतराने चार वेळा. डाग पुसट होईल, पूर्ण जाणार नाही. "जाईल म्हणून सांगणाऱ्याकडे जाऊ नका, आणि घरी तो सुयांचा रोलर तर अजिबात फिरवू नका." मला आवडल्या बाई. खोटं आश्वासन नाही.

मग विचारलं, "कशाने झालं?"

"ग्रिल," निरंजन म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय."

"ग्रिल," मी म्हणाले.

बाईंनी माझी हनुवटी धरून गाल दिव्याकडे वळवला. बराच वेळ बघितलं. निरंजनला म्हणाल्या, जरा बाहेर बसता का? तो उठला नाही, हसत बसून राहिला. आणि मी काय म्हणावं – "राहू दे त्यांना." मीच म्हणाले!

केसपेपरवर 'कारण' असं छापलेलं होतं, त्याच्यापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. "पुढच्या वेळी भरू," म्हणाल्या. माझ्याकडे बघून.

पार्किंगमध्ये निरंजन म्हणाला, "लई शहाणी हे बाई. इलाज करायलीय का चौकशी?" परत येताना पट्टा माझा मीच बांधला.

२४ जानेवारी, शुक्रवार

आता रहाटणीचं पार्लर. तिथे काही विचारत नाहीत म्हणे. निरंजनने फोन करून आधीच खात्री करून घेतलीय.

३१ जानेवारी, शुक्रवार

पार्लरच्या मॅडम खरंच काही विचारत नाहीत. "एकदम क्लिअर करून देऊ, वहिनी! लग्नात ओळखणार नाहीत!" भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट – दोन दिवसांच्या कोर्सचं. सुया डबीतून काढल्या, स्पिरिटच्या कापसाने पुसल्या. "तुमच्या नावाची डबी वेगळी ठेवते." म्हणजे ही कोणाच्या नावाची होती?

मी तोंड उघडायच्या आत निरंजनच उठला. भोसरीच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, यंत्रातलं त्याला कळतं. मॅडमचं पेन हातात घेऊन म्हणाला, "हे डोकं डुगडुगायलंय. असल्यानं चेहरा फाटंल." मला बरं वाटलं. माझ्या गालाची काळजी आहे म्हणायची!

जिना उतरताना म्हणाला, "दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायचं? मीच करतो."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रोलर आला. दाढीच्या ब्रशाएवढा, पुढे छोटं चाक, चाकावर पाचशेच्या वर सुया. लांबी दीड मिलीमीटर. डॉक्टरबाई अजिबात नको म्हणाल्या होत्या, याची मी आठवण करून दिली. निरंजन हसला. "मी मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस. दीड मिलीमीटर म्हंजे लई झालं!" व्हर्नियरने, म्हणजे कंपनीतल्या बारीक मोजपट्टीने, सुया मोजूनही दाखवल्या. लोखंडाला दुखत नाही, हे त्याला कोण सांगणार?

काल दुपारी केलं. सासूबाईंनी उजेडासाठी पडदा सरकवला. मी पलंगावर आडवी, तो उशाशी. मलम लावलं होतं, तरी टोचलं. पण हात हलका होता. "दुखायलंय का? थांबू का?" असं दर मिनिटाला विचारत होता. लग्न झाल्यापासून एवढं कधी विचारलं नव्हतं. ज्या हाताने झाकण फेकलं तोच हात. मी डोळे मिटून घेतले आणि लिहायला लाज वाटते, पण मला छान वाटलं. वाटलं, याच्या मनातूनही डाग जातोय.

८ मार्च, शनिवार

महिला दिन! कंपनीने गुलाब दिला आणि ग्रुप फोटो काढला. मी डाग नसलेली उजवी बाजू पुढे करून उभी राहिले.

गुरुवारी दुसरी वेळ झाली. या वेळी त्याने एकदाच विचारलं, दुखायलंय का. मी हो म्हटलं. थांबला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

काल तिसरी वेळ.

गाल आधीच लाल होता, हात लावला तरी आग. त्याने दोनदा फिरवलं, मग मी म्हटलं, "अहो, त्या चिंचवडच्या बाईंना एकदा दाखवू या का?"

हात थांबला. मग परत सुरू झाला, त्याच जागेवर. पुढे, मागे. पुढे, मागे. एक शब्द नाही. मी मनगट धरलं तर दुसऱ्या हाताने माझं कपाळ उशीत दाबून धरलं. सासूबाई टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. "हलू नको गं, हललं की लागतंय," म्हणाल्या. रक्त कानामागून गळ्यावर आलं.

मारलं नाही त्याने! ओरडलाही नाही. नंतर बर्फ आणून दिला, टॉवेल स्वतः धुतला. बाहेर कोणाला सांगायला गेले तर काय सांगू – नवऱ्याने माझ्यावर उपचार केला?

एवढं मात्र कळलं. डाग जाऊ नये असंच त्याला वाटत असेल, तर मला कळणार नाही. जावा असं वाटत असेल, तरी सुया त्याच्याच हातात. मला भीती वाटते. पहिल्यांदा लिहितेय हे. मला निरंजनची भीती वाटते.

५ एप्रिल, शनिवार

तोंडाला ओढणी बांधूनच लाइनवर गेले. तपासणीच्या दिव्याखाली गरम होतं, किती वेळ बांधून ठेवणार? सोडली. आमचे सुपरवायझर गोरक्षदादा समोर होते. मूळचे चाकणचेच, माझ्या वडिलांच्या वयाचे. ओरखडा ओळखायला त्यांनीच शिकवलं मला.

गालाकडे बघितलं आणि हातातला बंपर खाली ठेवला.

"पुन्यांदा ग्रिल का?"

मी हो म्हणून मान हलवली.

"पोरी, पडल्याचा डाग कसाबी येतो. असा रांगेनं येत न्हाई. रांगेनं आला की काय बघायचं, म्या शिकवलंय ना?"

शिकवलंय. रांगेने डाग आला की पार्टला दोष द्यायचा नाही, टूल बघायचं. पॉलिश मारून माल पुढे पाठवायचा नाही, आधी कारण लिहायचं.

मी ओढणी पुन्हा बांधली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मधीच भाईर जायाला गेटपास लागला तर सांग. सही करून ठेवतो." संडासात जाऊन पाच मिनिटं रडले. मग उरलेले बंपर तपासले.

७ एप्रिल, सोमवार

वही आज पहिल्यांदा लॉकरबाहेर आलीय. चिंचवडला, दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. आत जाऊन आले. मलमपट्टी झाली, आता बाई माझ्या मदतीसाठी कोणाला तरी फोन लावतायत, मला थांबायला सांगितलंय.

रोलर डब्याच्या पिशवीतून आणला होता, रुमालात गुंडाळून. टेबलावर ठेवला. बाईंनी माझा जुना केसपेपर काढला. 'कारण'पुढची रेघ अजून मोकळीच होती. त्यांनी पेन उघडलं, पण विचारलं काहीच नाही.

मीच म्हणाले, "ग्रिल नव्हतं."