आबांचा घट्ट चहा

प्रिय राजलक्ष्मी,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी पिंपळीचं तुझं सगळं घर स्पीकरवर ऐकतं, म्हणून लिहिते आहे. आबांना दवाखान्यातून घरी आणलंय. ताप उतरलाय, छाती अजून घरघरते. मी मात्र पार वैतागले आहे, आणि हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला? तुझी वहिनी मी नंतर झाले, आधी अंथुर्ण्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसलोय.

अर्धांगवायूनंतर आबांना पातळ काही नीट गिळता येत नाही. पाणी, चहा, ताक सरळ श्वासनळीत उतरतं. बारामतीच्या दवाखान्यातल्या मॅडमनी शिकवलं तशी मी प्रत्येक पेल्यात दाट करायची पावडर कालवते, गुठळी राहू देत नाही, चमच्यावरून संथ ओघळेल इतकं दाट झालं की त्यांना ताठ बसवून भरवते. आबा चहाकडे बघून म्हणतात, ही काय खळ हाय व्हय, पोस्टर चिकटवायची? मी चाखून बघितला, खरंच खळ लागते. आमटी-भाकरी मिक्सरमधून काढते, तर वाटी ढकलून देतात. त्यांचा राग मला समजतो.

येणाऱ्याजाणाऱ्यांचा नाही समजत. जो तो शहाळं घेऊन येतो आणि मी ते आत नेऊन ठेवलं की तोंड वाकडं करतो. कुशाबाई आत्या तर ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकवून गेल्या, म्हाताऱ्याला घोटभर पाणीबी देत न्हाय ही, कुठं फेडंल हे पाप. तुझा दादा मान खाली घालून गोठ्याकडे निघून गेला. मलाही तोंड आहे, पण सासरी ते किती उघडायचं?

त्यात हा न्यूमोनिया. पातळ काय दिलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, चहात पावडर घालायची माझ्याकडून राहिली. तेव्हापासून गावभर तेच चाललंय. पण वहिनीच्या हलगर्जीपणानं आबा हातचे जात होते, असं तूही पिंपळीत सांगत सुटलीस, हे कळलं आणि माझं डोकं फिरलं.

कारण ताप यायच्या आधी तू भेटून गेलीस त्याच दिवशी आबांच्या खाटेखाली मला उसाच्या रसाची बाटली सापडली होती, तुझ्या पिशवीतली. ठसका लागला नाही म्हणून तुला वाटलं असेल, पचला. त्यांना आता ठसका येतच नाही, पातळ गुपचूप छातीत उतरतं, तेच तर भय आहे. बापाची तहान तुला बघवली नाही, हे मला कळतं. दादाला कळलं असतं तर त्यानं तुला उंबरा ओलांडू दिला नसता, म्हणून मी माझ्यावर घेतलं. बाटली धुऊन टाकली, कुणाला बोलले नाही आणि बोलणारही नाही. पण घरी आल्यापासून आबा माझ्या हातचं घ्यायला तोंडच उघडत नाहीत. मान फिरवतात आणि म्हणतात, राजीला बोलवा, ती देती प्यायला. ओठ सुकून तडकलेत, आणि परत पातळ दिलं तर वाचणार नाहीत, असं डॉक्टर म्हणालेत. तू ये. पावडर मी कालवीन, चमचा तू धर. तुला ते नाही म्हणणार नाहीत. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, तरी ये.

तुझीच,
माधवी