कारभाऱ्याची भीती

४ मार्च

कास्त्रो शहरातल्या दवाखान्यातून होडीने बेटावर परतलो. डॉक्टर पोरगेलासा, नजर भिडवत नव्हता. म्हणाला, हृदय थकलंय, ओझं उचलू नका, मुलाला बोलावून घ्या. मुलगा तिकडे लांब दक्षिणेला, पुंता अरेनासला कामाला. काय कळवू त्याला? ये, बाप घाबरलाय?

हो, घाबरलोय! इथे लिहायला कोणाची चोरी? होडीत सगळा वेळ घोंगडीत तोंड खुपसून बसलो. होडीवाल्याने विचारलं तर थंडीवर ढकललं.

५ मार्च

पाद्री या बेटावर वर्षातून एकदा येतो. एरवी मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं ते देवळाच्या कारभाऱ्याने, म्हणजे मी. तीसेक वर्षं झाली. प्रत्येकाचा हात धरून तेच एक वाक्य — "घाबरू नका, पलीकडे उजेड आहे." मला काय ठाऊक होतं पलीकडचं? दुसऱ्याच्या मरणाला शहाणपण सांगायला काय जातं!

१७ मार्च

एदेल्मिरा बारिआ आता जाणार. बटाटे काढताना कोसळली, तेव्हापासून पोटात अन्न नाही. मी पोचलो तर सून सुनिल्दाने मेंढा कापलेला, शेजारणी कांदे चिरतायत. माणूस गेलं की नऊ दिवस प्रार्थना आणि नऊ दिवस पंगत, तयारी आधीपासूनच लागते हे खरं. पण तरी! म्हटलं, "अगं, श्वास चालू आहे तिचा अजून."

"कारभारी, पावाची कणीक फुगून आलीय. ती थांबते होय कोणासाठी?"

सगळ्या बायका चुलीपाशी. खोलीत आम्ही दोघंच. एदेल्मिराचा हात धरला, तोंड उघडलं, आणि नेहमीचं वाक्य काही केल्या येईना. भलतंच बाहेर पडलं — "एदेल्मिरा, माझं हृदय गेलंय. मला मरणाची फार भीती वाटते गं. तुम्हा सगळ्यांना सांगत आलो ते मला स्वतःलाच पटत नाही." आणि रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. तिचे डोळे मिटलेलेच. घरी येताना हलकं वाटलं. म्हटलं, आता हे तिच्याबरोबर मातीत जाईल.

१९ मार्च

एदेल्मिरा उठून बसली! रस्सा मागितला. स्वतःच्या मयताचा मेंढा मिटक्या मारत खाल्ला. बेटभर हशा पिकलाय. माझी मात्र पाचावर धारण बसली.

२० मार्च

ऐकलं असेल का तिने?

२३ मार्च

ऐकलंय. काठी टेकत आली आणि मला देवळाच्या पायरीवरच गाठलं. "काय कारभारी, माझ्या उशाशी बसून रडलात ते?"

"हळू बोल, बाई!"

"मी कशाला हळू बोलू? मी मेलेय ना!" आणि खिदळली.

मी हात जोडले. "कोणाला सांगू नकोस. घाबरट कारभारी कोणाला हवाय उशाशी?" ती काठी टेकत चालू पडली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. जीव टांगणीला!

२ एप्रिल

लोकांची नजर चुकवत हिंडतोय. पण टोमणा कोणाचाच नाही. उलट शेजारच्या एवारिस्तोने लाकडं फोडून माझ्या दाराशी रचून ठेवली. त्याची स्वतःची आई अंथरुणाला खिळलेली, आणि हा माझी लाकडं फोडतोय! हृदयाचं कळलं असणार. होडीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

एदेल्मिराने मात्र गुपित राखलं. मानलं बाईला.

११ एप्रिल

ती हल्ली रोज दुपारी येते. किसलेल्या बटाट्याचे मिल्काओ आणते, माझ्या चुलीवर भाजते, निम्मे स्वतःच खाते. आज विचारलंच, "कसं होतं गं?"

"काय कसं होतं?"

"अगदी दाराशी जाऊन आलीस ना."

चुलीवरचा मिल्काओ उलटत म्हणाली, "ओहोटीला होडी हळूच चिखलात बसते ना, तसं. कोणी ढकलत नाही."

"आणि भीती?"

"होती की! तुम्ही रडायला लागलात तेव्हा गेली. म्हटलं, चला, मी एकटीच नाही."

मला रागच आला. इतकी वर्षं घसा कोरडा केला तो फुकट, आणि रडलो ते कामी आलं? संध्याकाळभर तेच डोक्यात.

३ मे

एवारिस्तोची आई गेली. सकाळी तो बोलवायला आला. "आई तुमचंच नाव घेतेय." जाऊ नये असं वाटत होतं. गेलो.

उजेडाचं काही बोललो नाही. म्हटलं, "पलीकडे काय आहे ते मलाही ठाऊक नाही, आजी. पण मी इथे आहे. हात सोडणार नाही." तिने माझा अंगठा मुठीत धरला, तान्ही पोरं धरतात तसा. दुपारी गेली. तळमळ नाही, काही नाही. मूठ सैल झाली तेव्हा कळलं.

परतताना वाटेत लक्षात आलं — तिथे बसलो होतो तेवढा वेळ मला स्वतःची भीती आठवलीच नव्हती.

२० मे

धाप लागते. दोन उशा घेऊन टेकून बसतो. भीती आहे, पण मानगुटीवर नाही, कोपऱ्यात बसून असते. देवा, एवढंच दे — चूल पेटलेली असावी, कोणीतरी हात धरलेला असावा, आणि घाई नसावी.

५ जून

एदेल्मिरा पुन्हा पडली. तिच्या सुनेला बजावलंय, "मेंढ्याला हात लावायचा नाही! एकदा फसलात ते पुरे." उद्या सकाळी जाऊन बसतो.

६ जून

गेली. जायच्या आधी मला जवळ ओढून म्हणाली, "कारभारी, तुमचं ते रडणं मी सगळ्या बेटाला सांगितलं होतं. रस्सा पितापिताच."

म्हटलं, "एवारिस्तोच्या आईलासुद्धा?"

"तिला तर निरोप धाडला होता. ती म्हणाली, मग माझ्या उशाशी तोच हवा."