बाबांच्या दाताची खळगी

बाल्फ, ३० ऑगस्ट २००९

चि. इबोया हिस अ. उ. आ.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुझी आई भलतंच सांगते, म्हणून पत्र. परवा तिच्या अक्रोडाच्या रोलनं माझा वरचा पुढचा दात मोडला. रोलात टरफल राहिलं होतं. तिचं म्हणणं, टरफलबिरफल काही नव्हतं, दातच म्हातारा झाला होता. दोन दिवस आमचं वाजलं, आता मिटलंय.

शोप्रोनच्या केमेनेश डॉक्टरीणबाईंनी उरलेला दात घासला आणि कॅपसाठी माप घेऊन तुझ्याकडे पाठवलंय. घरात दात घडवणारी लेक असताना बाहेर कशाला करायचं, असं मीच म्हटलं. कॅप सोन्याची कर. माझ्या वडिलांची होती, मरेपर्यंत टिकली. ऊन पडलं की लांबूनच कळेल, बँड आला.

आता खरं सांगतो. दहा ऑक्टोबरला द्राक्षतोडणीची मिरवणूक आहे. एक्केचाळीस वर्षं मी क्लॅरिनेट वाजवत तिच्या पुढे चालतोय. बँडप्रमुख चाबानं हळूच विचारलं, यंदा जमेल ना, की दुसऱ्या कुणाला सांगू. एकदा दुसरा पुढं उभा राहिला की ती जागा परत मिळायची नाही. मला भीती वाटते, तुझ्यापासून कशाला लपवू.

आईनं मनुका वाळवल्यात, तुझ्या वाटच्या बाजूला काढल्यात. तब्येतीला जप.

तुझा,
बाबा


ओवार, ८ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

सोन्यावर माझा राग नाही. मागच्या दाढेला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, चावताना त्याच्यावर टेकणाऱ्या दाताला ते जपतं. दाढ मोडलीत की नक्की सोनं देईन, त्यासाठी मुद्दाम रोल खाऊ नका. पण पुढच्या दाताला नको. आजोबांच्या वेळी दुसरं काही मिळतच नव्हतं.

धातूवर सिरॅमिकचा थर चढवता आला असता, पण क्लॅरिनेटची तोंडात धरायची चोच रोज त्याच कडेवर टेकणार, कधीतरी टवका उडेल. नुसत्या काचेसारख्या सिरॅमिकची कॅप सगळ्यांत खरी दिसते. तरी तुमच्यासाठी मला सगळ्यांत कठीण तेच हवं होतं, म्हणून झिरकोनियाची केलीय. आता टरफल चावलंत तर टरफल फुटेल. जरा दुधाळ दिसते, चालवून घ्या.

शेजारचा दात खालून झिजलाय, वयाच्या मानानं झिजणारच. नवा मात्र मी सरळ, नीट कडेचा केलाय, व्हिएन्नाहून आमच्याकडे येणाऱ्या बायका मागतात तसा. डॉक्टरीणबाईंना कच्च्या सिमेंटनं बसवायला सांगितलंय, महिनाभर वापरून बघा. तुमच्यासाठी केलेला हा माझा पहिला दात.

आईला सांगा, मी टरफलाच्या भांडणात पडणार नाही.

तुमची,
इबोया


बाल्फ, २२ सप्टेंबर

चि. इबोया हिस अ. उ. आ.

कॅप फक्कड बसलीय. न्हावी म्हणाला, दहा वर्षांनी तरुण दिसतोस. वाजवणं ठीक चाललंय. मिरवणुकीचं बघू, एक वर्ष नाही गेलं तर काय बिघडतं.

तुझा,
बाबा

(सोबतची चिठ्ठी)

इबोया, पत्र टाकायला मीच जातेय म्हणून हे कोंबलं. ठीकबीक काही नाही चाललेलं. ह्यांचा सूर फाटतो, ओठाच्या कडेनं हवा सुटते. चोचीला लावायच्या तीन पात्या बदलल्या, सांध्यांच्या बुचाला चरबी चोळली. आता म्हणतात, फुप्फुसं संपली. रविवारी चाबाला नाही म्हणून सांगणार आहेत. तुला कळवायचं नाही असं बजावलंय, कारण तू कॅप मनापासून केलीस. काल क्लॅरिनेट पेटीत घालून पेटी कपाटावर ठेवली. मला बघवत नाही गं. आणि रोलात टरफल होतं. त्यांना सांगू नकोस.
तुझी आई


ओवार, २५ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आईवर रागावू नका. फुप्फुसं ठणठणीत आहेत, चूक माझी आहे.

शिकत असताना मी तुमच्या दातांचा साचा घेतला होता, आठवतं? ओकारी आवरत तुम्ही खुर्चीत बसला होतात. तो प्लास्टरचा साचा माझ्या खिडकीत आहे, मी त्याला पेन्सिली टेकवून ठेवते. आईची चिठ्ठी वाचून तो हातात घेतला. तेव्हा तुम्ही सत्तेचाळीसचे होतात, आणि दोन्ही पुढच्या दातांच्या कडेला तेव्हाचीच एक बारीक खळगी आहे, दोन्ही मिळून एकच कमान. ती वयाची झीज नाही, तुमच्या क्लॅरिनेटनं पाडलीय. आमच्या मास्तरांनी तिला प्लास्टरमधला बुडबुडा समजून माझे गुण कापले होते, आणि मीही मान डोलावली होती.

आता चोच एका दातावर खळगीत बसते आणि दुसऱ्यावर टेकाडावर. ती कलंडणार नाही तर काय? दिवसाला बारा सरळ दात करून करून माझी नजरच सरळ झालीय. बापाच्या तोंडात काय आहे ते मला दिसलं नाही, याची लाज वाटते.

झिरकोनिया आता घासला तर बारीक तडे जायची भीती. म्हणून काचेसारख्या सिरॅमिकची नवी करतेय. ती आधी मेणात घडवतात, त्यामुळे खळगी मेणातच कोरते आणि खाली जाडी पुरेशी ठेवते. कठीणपणाच्या नादात मी मुळातच चुकले. दहा तारखेला सुट्टी नाही, शनिवारीच व्हिएन्नाकर येतात. पण तुम्ही चाबाकडे जाऊ नका. गेला असाल तर परत जा.

तुमची,
इबोया


बाल्फ, १२ ऑक्टोबर

चि. इबोया हिस अ. उ. आ.

चाबाकडे मी गेलो होतो, आणि परतही गेलो. त्यानं दुसऱ्या कुणाला विचारलंच नव्हतं, लबाड.

नवी कॅप बसवताना डॉक्टरीणबाई थबकल्या. म्हणाल्या, कडेला खोट राहिलीय, जरा घासून सरळ करते. मी त्यांचं मनगटच धरलं. तोंडात त्यांचा आरसा होता, बोलता येईना, नुसता डोळे वटारून मान हलवत राहिलो. त्या घाबरल्या. नंतर समजावलं तेव्हा पोट धरून हसल्या.

शनिवारी चर्चपासून खालच्या गल्लीपर्यंत वाजवलं, एक सूर फाटला नाही. तू नव्हतीस, एवढंच खुपलं. तुझ्या आईनं नव्या वाइनचे दोन पेले घेतले आणि चाबाच्या बायकोसमोर टरफल कबूल केलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आज क्लॅरिनेट पुसून ठेवली आणि मघापासून जिभेनं दात चाचपतोय. एक खळगी मी चाळीस वर्षं वाजवून पाडली, दुसरी तू मेणात कोरलीस. कुठली कुणाची, मला सांगता येत नाही.

साचा जपून ठेव, आणि आमच्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
बाबा