दादाजींच्या शिकऱ्याचा परवाना

इतवारी, नागपूर
चैत्र वद्य पंचमी, सन १९५४

ती. सौ. शोभाताईंच्या सेवेशी, धाकट्या भावजयीचा, प्रेमिलाचा, वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमचे दादाजी तर इतके खुशाल आहेत की त्यांच्यापायी बाकीच्यांच्या खुशालीची काळजी वाटते.

हातमाग विकल्यापासून दादाजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत, हे तुम्ही संक्रांतीला आलात तेव्हा पाहिलंच. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. असा माणूस एक दिवस भाजी आणायला बाजारात गेला आणि भाजीऐवजी शिकरा घेऊन आला. (शिकरा म्हणजे छोटा ससाणाच हो. अंगाने कबुतराएवढा, पण बघतो असा की जणू आपणच त्याच्या घरात भाड्याने राहतो.) मी म्हटलं, मामंजी, हे काय? तर म्हणाले, "राहू दे वं सूनबाई. माह्यासारखाच आहे. काम नाही बिचाऱ्याले."

झालं! तेव्हापासून हातावर चामड्याचा तुकडा बांधून म्हातारा सकाळपासून गल्लीत. तीन वर्षांत बोलले नसतील एवढं एका महिन्यात बोलले. (सगळं त्या पाखराशी, पण कानावर आपल्याही पडतं.) माझ्या भिंती रंगवायला वेगळा रंगारी नको, हे त्या शिकऱ्याने ठरवूनच टाकलं आहे. घरात पाल मात्र औषधालाही उरली नाही, हे कबूल करते.

आमच्या शेजारचे गुलाबचंदशेठ कबुतरं पाळतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातलं एक पांढरंशुभ्र कबूतर आमच्या या पंखवाल्या चिरंजीवांनी भर दुपारी शेठच्या डोळ्यांदेखत उचललं. शेठनी आधी आरडाओरडा केला, मग तक्रार केली की वस्तीत हिंस्र जनावर पाळलं आहे. लगोलग कचेरीतून हुकूम आला: जनावर घेऊन हजर व्हा, पाळायची परवानगी दाखवा, नाहीतर जप्त. दादाजींनी जेवण सोडलं. तुमच्या भावाला मिलमधून रजा मिळेना (रजा मागायचीच त्यांना भीती, तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे), म्हणून पदर खोचून मी निघाले. रिक्षात एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादाजी आणि त्यांच्या हातावर तो. सदर भागातल्या कचेरीपर्यंत रिक्षावाल्याने पुढे कमी आणि मागेच जास्त पाहिलं.

कचेरी कोणती ते लिहीत नाही, पुढेमागे नळाच्या अर्जासाठी तिथेच जायचं आहे. तिथल्या एका कारकुनाने नियमांचं पुस्तक काढलं. गाय, म्हैस, घोडा, शेळी, कुत्रा, कोंबडी, सगळे होते, शिकरा नव्हता. तो म्हणाला, पुस्तकात नाही म्हणजे मनाई. दुसरा म्हणाला, पुस्तकात नाही म्हणजे मोकळीक. त्या दोघांचं भांडण जुनं असावं, आमचं पाखरू नुसतं निमित्त. शेवटी आवाज ऐकून साहेब बाहेर आले. भला माणूस. म्हणाले, पंख आहेत, चोच आहे, घरी पाळतात; कोंबडीच्या नियमात बसवा आणि मोकळे व्हा.

मी हात जोडणार, एवढ्यात दादाजी उठले. "कोंबडी? माह्या शिकऱ्याले कोंबडी म्हणून राहिले काय, साहेब? जप्त करा. पण कागदावर कोंबडी लिहू नका." आणि पाखरासकट मूठ साहेबांच्या नाकासमोर धरली. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. ताई, तो शिकरा दादाजींच्या मुठीवरून उडाला नाही. हा गेला तर म्हातारा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. मग काय झालं कोण जाणे, परक्या पुरुषासमोर कधी तोंड न उघडणारी मी (हसू नका) म्हणाले, "साहेब, हा हाक मारली की येतो, मालकाच्या हातचंच खातो, परक्यावर धावून जातो. असं जनावर तुमच्या पुस्तकात कोणतं?"

साहेब खो खो हसले. "कुत्रा!"

दादाजींनी बराच विचार केला. "कुत्रा चालन," म्हणाले, "कुत्रा इमानदार राह्यते."

तर शोभाताई, तुमच्या माहेरी आता रीतसर परवान्याचा कुत्रा आहे. रस्त्यावर नेताना बांधून न्यायचा आणि गळ्यात पितळी बिल्ला घालायचा, एवढ्याच अटी. बिल्ला घातला तर पाखराची मान जमिनीला टेकली. म्हणून तो दादाजी स्वतःच्याच गळ्यात घालून फिरतात. तुमचे भाऊ चार दिवस मागच्या बोळाने घरी येत आहेत. गुलाबचंदशेठना तो बिल्ला दिसला तेव्हा हसता हसता त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही. मग दादाजींनी त्यांच्या कबुतरांच्या खोपट्याला सुतळीची जाळी विणून दिली. माग गेल्यावर पहिल्यांदाच त्यांनी हातात सूत धरलं. मी दाराआडून पाहत होते. बोटं काहीएक विसरली नाहीत.

भाऊजींना नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
प्रेमिला

ता. क. — दादाजी वैशाखात शिकऱ्यासह उमरेडला तुमच्याकडे येईन म्हणतात. दोघांना महिनाभर खुशाल ठेवून घ्या. माझ्या भिंतींना चुना द्यायचा आहे.

आणखी ता. क. — वरचं काल लिहिलं होतं. आज गच्चीवर कुरड्या घातल्या. दरवर्षी निम्म्या पाखरंच खातात. आज दादाजी तिथे शिकरा घेऊन बसले आणि एक चिमणीसुद्धा उतरली नाही. संध्याकाळी शेठच्या पत्नी रुख्माबाई पापडांची परात घेऊन आल्या, त्यांच्यामागून गल्लीतल्या आणखी चौघी. शिकऱ्याच्या राखणीत आमच्या गच्चीवर वाळवण घालायला सगळ्यांना मी हो म्हणून बसले आहे. तेव्हा कृपा करून दादाजींना ताबडतोब लिहा की घरात पाहुणे फार आहेत, यंदा येऊ नका. तुम्ही मात्र जरूर या. येताना गहू भिजवूनच आणा. गच्चीचा एक कोपरा तुमच्यासाठी रुख्माबाईंशी भांडून राखला आहे.